माहूरचा उदाराम : सीमेवरच्या एका सरदाराचे चरित्र



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने उभारलेल्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी प्रारंभीच कृतज्ञता व्यक्त करतो. आदिलाबादसारख्या गावात मराठी शाळा चालवणे आणि त्या शाळेच्या आवारात दरवर्षी एक विचारप्रवर्तक व्याख्यान घडवून आणणे, ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. येथील मुले घरी मराठी बोलतात, बाजारात तेलुगू बोलतात, आठवडी बाजाराला आलेल्या गोंड बांधवांकडून चार शब्द गोंडीचे उचलतात आणि हैदराबादी उर्दूचा लहेजा तर त्यांच्या कानात लहानपणापासूनच असतो. अशा मुलांना इतिहास शिकवताना जी अडचण येते, तीच आजच्या माझ्या विषयाचे मूळ आहे.

मी अध्यापन करीत असताना एकदा वर्गात सतराव्या शतकातील दख्खनचा इतिहास चालला होता. निजामशाही, आदिलशाही, मोगल, मलिक अंबर, शहाजीराजे अशी नावे फळ्यावर लिहून झाली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, हे सगळं झालं, पण मग आपला भाग कोणाच्या बाजूनं होता?" मी त्या वेळी घाईने एक उत्तर दिले. आपल्या भागाचा मोठा सरदार म्हणजे माहूरचा उदाराम. तो आज इकडे, उद्या तिकडे असा होता, तेव्हा त्याचे काही अभिमानाने सांगण्यासारखे नाही, असे मी म्हणालो. मुलगा खाली बसला. पण आपण एका माणसाचे चरित्र न वाचताच निकाल दिला, ही टोचणी माझ्या मनातून गेली नाही. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या विद्यार्थ्याला फार उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

आरंभी एका शंकेचे निरसन केले पाहिजे. माहूर आज महाराष्ट्रात, नांदेड जिल्ह्यात आहे. मग आदिलाबादकरांनी त्याला 'आपला भाग' का म्हणावे? आपल्यापैकी वयोवृद्ध मंडळींना हे सांगण्याची गरज नाही, पण तरुणांना ते ठाऊक असेलच असे नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, त्या दिवसापर्यंत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता आणि माहूर त्या परिसरात येत होते. त्या दिवशी किनवट, राजुरा आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ हे या जिल्ह्यातून निघून तत्कालीन मुंबई राज्यात गेले. आणि नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे येऊन याच जिल्ह्याला जोडली गेली. पुढे २०१४ साली तेलंगणा राज्य झाले आणि २०१६ साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. भैंसा-मुधोळ आता निर्मल जिल्ह्यात आहेत. माणसे आपल्या गावीच राहिली. त्यांच्या डोक्यावरून सीमारेषा तेवढी सरकत गेली. नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला निघालेला आदिलाबादचा यात्रेकरू आपण राज्य ओलांडले असे मनात आणत नाही. तो फक्त माहूरला जातो.

माहूरचा डोंगर पैनगंगेच्या दक्षिणेस, घनदाट रानाच्या कडेला उभा आहे. एका शिखरावर रेणुका, एकावर दत्तात्रेय, एकावर अनसूया. आणि समोर रामगड नावाने ओळखला जाणारा किल्ला. वऱ्हाडातून तेलंगणात उतरायचे झाले, तर या डोंगराकडे दुर्लक्ष करून चालत नसे. म्हणूनच बहमनी राज्यात महमूद गवानने वऱ्हाडच्या सुभ्याचे दोन भाग केले, तेव्हा एकाचे ठाणे गाविलगड झाले आणि दुसऱ्याचे माहूर. पुढे माहूर इमादशाहीत गेले, इमादशाही १५७४ साली निजामशाहीने गिळली, आणि १५९६ साली वऱ्हाड अकबराला तोडून देण्यात आला. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत माहूरचे नाव येते. परंतु अकबराच्या दफ्तरात नाव चढले म्हणजे सत्ता बसली, असे होत नसे. मलिक अंबरने निजामशाहीला पुन्हा उभे केले, तेव्हा हा सारा टापू दोन पातशाह्यांच्या ओढाताणीत सापडला. उदारामाचा उदय याच ओढाताणीत झाला.

उदाराम हा दख्खनी ब्राह्मण. फारसी ग्रंथकार त्याला माहूरच्या जमीनदारांपैकी एक म्हणतात. आपल्याकडील लेखक त्याला माहूरचा देशमुख म्हणतात. देशमुखी म्हणजे काय, हे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण त्याशिवाय त्याच्या चरित्राचा अर्थ लागत नाही. देशमुख हा परगण्याचा वतनदार. पडीक जमिनीवर कुळे वसवणे, सरकारी सारा वसूल करून देणे, रान-वाटांचा बंदोबस्त ठेवणे आणि प्रसंगी आपले स्वार-प्यादे घेऊन सरकारच्या मदतीस जाणे, ही त्याची कामे. त्याचा हक्क वंशपरंपरेचा असे. सुलतान बदलला तरी देशमुख सहसा बदलत नसे, कारण गावोगावची कुळे कोण, बांध कोठे, पाणी कोठे, हे त्याच्यावाचून नव्या सुलतानाला कोण सांगणार? याउलट मनसब ही बादशहाची देणगी. तिचे दोन आकडे असत. 'जात' या आकड्यावरून सरदाराचा दर्जा व वेतन ठरे. 'सवार' या आकड्यावरून त्याने किती घोडेस्वार बाळगावयाचे ते ठरे. मनसब बादशहा वाढवी, घटवी, काढून घेई. उदारामाच्या एका हातात वतन होते आणि दुसऱ्या हातात मनसब. एक जमिनीला बांधलेले, दुसरे दरबाराला. त्याच्या आयुष्यातील सारे ताण या दोहोंमधले आहेत.

आता साधनांविषयी दोन शब्द. उदारामाने स्वतः लिहून ठेवलेली हकीकत आपल्यापुढे नाही. तो आपल्याला भेटतो तो इतरांच्या कागदांत. जहांगीर बादशहाने स्वतःच्या कारकिर्दीची जी रोजनिशीवजा आठवण लिहिली, तिच्यात त्याची हकीकत येते. अठराव्या शतकात औरंगाबादेस समसामुद्दौला शाहनवाजखानाने मोगल अमीर-उमरावांचा 'मआसिर-उल-उमरा' हा चरित्रकोश रचला. त्यातही त्याला स्थान आहे. आणि आपल्या बाजूने पाहिले तर कवींद्र परमानंदाच्या संस्कृत 'शिवभारता'त त्याचे नाव येते. फारसी साधने मराठी वाचकांपर्यंत आणण्याचे मोठे काम ज्यांनी केले, त्या सेतुमाधवराव पगडींचा या जिल्ह्याशी जवळचा संबंध होता. निजामी राजवटीत त्यांनी येथे अधिकारी म्हणून काम केले, गोंडी भाषा आत्मसात केली आणि येथील गोंडांविषयी ग्रंथ लिहिला. दरबारचे कागद आणि रानातली माणसे या दोन्हींचा परिचय असल्यावाचून या भागाचा इतिहास लिहिता येत नाही, हा त्यांच्या उदाहरणाने मिळणारा धडा आहे.

उदारामाचे नाव ठळकपणे पुढे येते ते १६१५-१६ च्या सुमारास. त्या वेळी तो मलिक अंबरच्या सैन्यातील सरदार होता. मोगलांच्या बाजूने खानखानान अब्दुर्रहीमचा पुत्र शाहनवाजखान वऱ्हाडात बाळापूरला होता. अंबरवर नाराज झालेले काही निजामशाही सरदार त्याला जाऊन मिळाले. आदमखान हबशी, जाधवराव, बाबूराय कायस्थ आणि उदाराम ही त्यांतील प्रमुख नावे. मोगलांनी अंबरचा पराभव केला आणि त्याने वसवलेली खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, उद्ध्वस्त केली. यानंतर यांतील काही सरदार पुन्हा अंबरकडे वळले. आदिलशहाने मध्यस्थी केली होती, अंबरनेही गोड बोलून बोलावले होते.

पुढे काय झाले ते जहांगीरने सविस्तर सांगितले आहे. अंबरने आदमखानाला कुराणाची शपथ वाहून विश्वास दिला, आणि मग त्याला पकडून दौलताबादेस कैदेत टाकले व अखेर ठार मारले. बाबूराय आणि उदाराम निसटले. ते आदिलशाही सरहद्दीवर गेले, तर तेथे त्यांना आत घेतले नाही. बाबूरायाचा त्याच्या एका मित्रानेच दग्याने प्राण घेतला. उदाराम एकटा उरला. अंबरने त्याच्यावर फौज पाठवली. उदारामाने लढून तिचा पराभव केला. पण त्या मुलखात टिकून राहणे शक्य नव्हते. तेव्हा तो मोगल सरहद्दीवर आला, कौल मागितला आणि आपले कुटुंब व आश्रित घेऊन शहाजादा खुर्रमकडे, म्हणजे पुढच्या शाहजहानकडे, दाखल झाला. शहाजाद्याने त्याला तीन हजार जात व एक हजार स्वारांच्या मनसबीचे आश्वासन दिले आणि १६१७ मध्ये दरबारी आणले. माणूस कामाचा आहे असे पाहून जहांगीरने आणखी पाचशे स्वार वाढवून दिले.

श्रोतेहो, ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा माझ्या वर्गातल्या त्या घाईच्या उत्तराची मला लाज वाटली. 'आज इकडे, उद्या तिकडे' हे शब्द उच्चारायला सोपे आहेत. पण तीन सोबत्यांपैकी एक शपथेला भुलून मेला, दुसरा मित्राच्या हातून मेला, एका राज्याचा दरवाजा तोंडावर बंद झाला, दुसऱ्या राज्याची फौज पाठीवर आली, आणि हाताशी बायकामुले व आश्रितांचा लवाजमा आहे. अशा माणसाने कोणत्या बाजूला निष्ठा ठेवावयाची होती? येथे उदारामाचे मोठेपण सांगण्याचा माझा हेतू नाही. त्याच्यापुढचे पर्याय किती थोडे होते, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

त्याच्या चरित्रातील दुसरा प्रसंग याहून गुंतागुंतीचा आहे. शाहजहानने बापाविरुद्ध बंड केले आणि १६२३ मध्ये तो पराभूत होऊन दक्षिणेकडे पळत सुटला. पाठीवर शहाजादा परवेज आणि महाबतखान यांची फौज होती. ऐन पावसाच्या दिवसांत तापी ओलांडून तो वऱ्हाडातून माहूरच्या वाटेला लागला. त्याला कुतुबशाही मुलखातून ओरिसाकडे जावयाचे होते. बादशाही वृत्तांत म्हणतो की जाधवराव आणि उदाराम हे त्याच्याबरोबर होते, पण मनापासून नव्हते. ते एक मजल मागे राहून चालत, आणि जीव वाचवण्याच्या घाईत त्याच्या माणसांनी जे सामानसुमान व जनावरे टाकून दिली, ती आपल्या ताब्यात घेत. मात्र हाच वृत्तांत पुढे असेही सांगतो की मोगल हद्द सोडताना शाहजहानने आपले हत्ती आणि जड सामान माहूरच्या किल्ल्यात उदारामाच्या स्वाधीन केले आणि मग तो पुढे गेला.

ही दोन विधाने शेजारी ठेवून पाहा. मागे पडलेला माल उचलणारा मनुष्य आणि ज्याच्या किल्ल्यात पळता शहाजादा आपले हत्ती ठेवतो तो मनुष्य एकच आहे. यात विसंगती आहे काय? मला वाटते, लेखक कोण आहे हे विसरता कामा नये. त्या काळात जहांगीरची लेखणी त्याच्या आज्ञेने मोतमिदखान चालवीत होता, आणि ज्या पुत्राला पूर्वी 'शाहजहान' हा किताब दिला, त्याला तीच लेखणी आता 'बेदौलत', म्हणजे करंटा, म्हणत होती. अशा वृत्तांतात बंडखोराच्या सोबत्यांना मनापासून सोबती कसे दाखवणार? आणि उदारामालाही आपण मनापासून नव्हतो असेच म्हणवून घेणे सोयीचे होते. अवघ्या एका मजलेचे अंतर, पण ते दोन्हीकडे उपयोगी पडणारे होते. बंड यशस्वी झाले तर 'मी बरोबर होतो', फसले तर 'मी मागेच होतो'. सीमेवरच्या माणसाची सारी राजनीती त्या एका मजलेत सामावली आहे, असे मी म्हणेन. तिला धूर्तपणा म्हणा, शहाणपण म्हणा. पण तिच्यामुळे माहूर वाचले. बंडखोर शहाजाद्याचा मार्ग माहूरवरून गेला, आणि तरीही उदारामाचे माहूर उदारामाकडेच राहिले.

१६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांचा पराभव केला. त्या पराभूत बाजूला जाधवराव होते, उदारामही होता. विजयी बाजूला शहाजीराजे होते आणि त्यांचे बंधू शरीफजी त्या रणात पडले. म्हणजे जाधवराव सासरे एका बाजूला आणि जावई दुसऱ्या बाजूला! त्या काळची फळी कशी होती, हे यावरून ध्यानात यावे. पुढे १६२८ साली शाहजहान तख्तावर बसला. उदाराम त्याच्या चाकरीत मानाने राहिला. माहूरला ठेवलेल्या हत्तींची आठवण नव्या बादशहाला कडू वाटली नसावी. लखुजी जाधवराव मात्र निजामशाहीत परतले आणि जुलै १६२९ मध्ये दौलताबादेस भर दरबारी पुत्रांसह मारले गेले. १६३० ते १६३२ या वर्षांत गुजरात-दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला. बादशहा त्या वेळी बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता. दरबारच्या लेखकांनी मनसबदारांचे घोडे मोजले. माहूर परगण्यातील किती नांगर थांबले, ते मोजावे असे कोणाला वाटले नाही.

१६३३ मध्ये महाबतखानाने दौलताबादला वेढा घातला. किल्ल्यात मलिक अंबरचा पुत्र फत्तेखान होता. त्या मोहिमेच्या काळातच, वेढा घालणाऱ्यांच्या बाजूला असताना, उदाराम मरण पावला. नियतीची गंमत अशी की ज्या महाबतखानाने दहा वर्षांपूर्वी शाहजहानचा पाठलाग केला होता, तोच आता शाहजहानचा सेनापती होता. बाजू बदलणे हा काही सीमेवरच्या देशमुखांचाच दोष नव्हता, हे महाबतखानाच्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. उदारामाचा पुत्र जगजीवन वयाने लहान होता. पण पथक विस्कळीत होऊ नये म्हणून त्याला मनसब व बापाचे नाव देण्यात आले. 'उदाराम' हे आता व्यक्तीचे नाव राहिले नाही, तो किताब झाला.

या घराण्याची अखेरची ठसठशीत आठवण एका स्त्रीची आहे. तिला इतिहास रायबागन या नावाने ओळखतो. लोकपरंपरा तिचे नाव सावित्रीबाई सांगते. फेब्रुवारी १६६१ मध्ये शायिस्तेखानाने कारतलबखानाला कोकणात पाठवले, तेव्हा माहूरचे पथक घेऊन ती त्याच्याबरोबर होती. उंबरखिंडीच्या रानात शिवाजी महाराजांनी त्या फौजेला कोंडले. पाणी नाही, वाट नाही, वरून बाणांचा आणि गोळ्यांचा मारा. परमानंदाने असे वर्णन केले आहे की तिने खानाला स्पष्ट शब्दांत सुनावले, या अरण्यात शिरण्यात तू चूक केलीस, आता शरण जाऊन सैन्य वाचव. खानाने ऐकले, खंडणी दिली आणि महाराजांनी वाट मोकळी केली. शत्रुपक्षातील स्त्रीचे शहाणपण शिवचरित्रकाराने मोकळ्या मनाने नोंदवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आणि त्या सल्ल्यात मला उदारामाच्या घरचेच वळण दिसते : माणसे वाचली पाहिजेत, बाकीचे पुढे पाहू.

परंतु येथेच या घराण्याची मर्यादाही दिसते, आणि ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. उदारामाने वतन राखले, पथक राखले, नाव राखले. पण आपण कोणासाठी राखतो आहोत, हा प्रश्न त्याने विचारल्याचे दिसत नाही. शिवाजी महाराजांनी तो प्रश्न विचारला. त्यांच्या पूर्वीच्या पिढीत जाधव, भोसले, उदाराम हे सारे एकाच वाटेचे प्रवासी होते; भातवडीला कोण कोणत्या बाजूस उभा होता, हे त्या वर्षीच्या गणितावर अवलंबून होते. महाराजांनी ते गणितच बदलले. वतनदाराच्या जोरावर राज्य चालण्याऐवजी राज्याच्या आधाराने रयत उभी राहिली पाहिजे, हा विचार त्यांनी आणला. तो विचार ज्यांना उमगला ते इतिहासात नायक झाले. माहूरच्या घराण्याला तो उमगला नाही, आणि म्हणून उंबरखिंडीत ते चुकीच्या बाजूने कोंडले गेले. उदारामाला मी सूट देतो ती त्याच्या काळाची. त्याच्या वारसांना ती तितकी देता येत नाही, कारण त्यांच्यासमोर दुसरा मार्ग उभा राहिला होता.

मित्रहो, उदाराम अप्रसिद्ध का राहिला, याचे उत्तर आता देता येईल. मराठ्यांच्या इतिहासात त्याला जागा नाही, कारण तो मोगलांकडे गेला. मोगलांच्या इतिहासात तो शेकडो मनसबदारांपैकी एक आहे. तेलंगणाच्या इतिहासात माहूर नाही, कारण सीमारेषा सरकली. आणि महाराष्ट्राच्या इतिहासात माहूर आहे ते देवस्थान म्हणून. चार इतिहासांच्या चार कुंपणांमधल्या पट्टीत हा माणूस पडून राहिला. आपण सारे त्याच पट्टीत राहतो. पुस्तक पुण्यात लिहिले जावो की हैदराबादेत, त्याच्या नकाशाच्या अगदी कडेला आपले गाव येते, आणि कधी कधी छपाईत ती कडच कापली जाते. म्हणून आपल्या भागाचा इतिहास आपणच वाचला पाहिजे, आणि तो वाचताना अभिमानाची घाई करू नये, धिक्काराचीही करू नये.

तो मागच्या बाकावरचा विद्यार्थी आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. कदाचित या सभागृहातील माजी विद्यार्थ्यांत तो असेलही. त्याला मी आता असे सांगेन : बाळ, आपला भाग कोणा एकाच्या बाजूने नव्हता. आपल्या भागावर दोन्ही बाजू चालून येत होत्या. मध्ये उभे राहून एका माणसाने आपले घर, आपली माणसे आणि आपला डोंगर राखला. त्याने जे राखले ते पाहा, जे त्याला सुचले नाही तेही पाहा, आणि मग तुझे मत तू बनव. मागच्या वेळी मी तुला निकाल दिला होता. या वेळी कागद देतो आहे.

ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीला आपण आज वंदन करीत आहोत, त्यांनी या सीमेवरच्या गावात तेच केले. त्यांनी मुलांना बाजू शिकवल्या नाहीत, वाचावयास शिकवले.